गेटाबाहेरची माती



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले, तेव्हा त्यांची स्वाभाविक अपेक्षा अशी होती की, कामगार चळवळीतला माणूस म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता किंवा कंत्राटी कामगार यांवर बोलणार. आम्ही विषय कळवला 'शहराची माती'. चिटणिसांनी भीतभीतच विचारले, "म्हणजे शेतीविषयी का?" आम्ही म्हटले, शेतीविषयी नव्हे. जी माती आपल्या परसात आहे, चाळीच्या चौकात आहे, शाळेच्या मैदानात आहे आणि जिच्यात आपण हौसेने चार वाफे पालक लावतो, त्या मातीविषयी. तिच्यात शिसे, कॅडमियम, क्रोमियम अशा जड धातूंचा भरणा होत असतो. तो कोठून येतो, भाजीत कसा उतरतो आणि त्याचे काय करावे, हा आजचा विषय.

आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. आमची शाळा आठवीत सुटली आणि पुढचे शिक्षण पाळीच्या वेळा सांभाळून नगर वाचनालयात झाले. धातूंविषयी जे काही कळले ते पुस्तकांतून आणि जाणत्यांना विचारून. पण हे कळून घेण्याची गरज पडली ती एका चुकीमुळे, आणि ती चूक आमची स्वतःची आहे. ती आधी सांगितल्याशिवाय पुढे बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही.

१९९७ सालची गोष्ट. जुन्या बॅटऱ्या फोडून, त्यांच्या प्लेटी वितळवून शिसे काढणारा एक लहान कारखाना होता. साठएक कामगार. आमची युनियन तेथे नवी होती आणि पहिलाच करार व्हायचा होता. मालक पगारवाढीला तयार नव्हता. आम्ही म्हटले, पगारात देत नाही तर दुसऱ्या वाटेने दे. त्या वेळी पुष्कळ कामगारांनी नाल्याकाठी अर्ध्या-अर्ध्या गुंठ्याचे प्लॉट घेतले होते. जागा सखल, पावसाळ्यात गुडघाभर पाणी. घर बांधायचे तर आधी भराव पाहिजे, आणि मुरमाचा भाव परवडत नव्हता. इकडे कारखान्याच्या मागे भट्टीतून निघालेल्या स्लॅगचे, कामगारांच्या भाषेत राखेचे, डोंगर पडले होते. ते उचलण्याचा खर्च मालकाच्या अंगावर होता. आम्ही कलम घातले : घर बांधणाऱ्या प्रत्येक कामगारास दोन ब्रास स्लॅग कारखान्याच्या ट्रकने मोफत पोहोचवावी. मालकाने ते कलम एका मिनिटात मान्य केले. एवढ्या तातडीने मालक एखादी गोष्ट मान्य करतो तेव्हा पुढाऱ्याने सावध व्हावे, हा धडा आम्ही तेव्हा शिकलो नव्हतो. गेटसभेत आम्ही ते कलम वाचून दाखवले. टाळ्या झाल्या. त्या करारावर सही आमची आहे.

आता ही राख म्हणजे काय होती ते समजण्यासाठी थोडे धातूंकडे वळू.

लाकूड पुरले तर कुजते, कागद कुजतो, माणसाचे शरीरसुद्धा मातीला मिळते. शिसे कुजत नाही. ते मूलद्रव्य आहे. मोडून त्याचे दुसरे काही होत नाही. जागा बदलील, रूप बदलील, पण नाहीसे होणार नाही. निसर्गतः प्रत्येक मातीत शिसे थोडे असतेच, साधारणतः किलोमागे दहा-वीस-तीस मिलिग्रॅम. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने वस्तीच्या जागेसाठी किलोमागे ४०० मिलिग्रॅम ही चौकशीची पातळी ठरवली होती. २०२४ साली ती २०० वर आणली. हे २०० म्हणजे किती? एका घमेल्यात दहा-बारा किलो माती मावते असे धरा. तिच्यात २०० च्या हिशोबाने जे शिसे असेल ते एकत्र केले तर वाटाण्याएवढेही होणार नाही. ते डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. माती काळीभोर दिसते आणि भाजीही तरारून येते. यातच सारा घोटाळा आहे.

शिसे मातीत पडले की चिकणमातीला आणि कुजलेल्या पालापाचोळ्याला घट्ट धरून बसते. पावसाने ते सहसा खोल जात नाही. वरच्या काही इंचांतच राहते. म्हणजे नेमके तेथे, जेथे मूल रांगते आणि जेथे आपण मेथी पेरतो.

हे शिसे शहरांच्या मातीत आले कसे? एक वाट कारखान्याच्या धुराड्याची, दुसरी घराच्या रंगाची, तिसरी पेट्रोलची. या तिसऱ्या वाटेची कथा कामगारांनी मुद्दाम ऐकावी, कारण तिचा आरंभ कामगारांच्या मरणाने झाला आहे.

१९२१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांनी असा शोध लावला की, शिशाचे एक संयुग पेट्रोलमध्ये मिसळले असता इंजिनाची ठोक थांबते. १९२३ साली ते पेट्रोल बाजारात आले. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील तेलशुद्धी कारखान्यात हे संयुग तयार करणाऱ्या कामगारांना भ्रम होऊ लागले. झटके येऊन पाच कामगार मेले, तीसहून अधिक आजारी पडले. कंपनीच्या माणसाने वर्तमानपत्रवाल्यांना जे सांगितले त्याचा भावार्थ असा की, ही माणसे बहुधा जास्त काम केल्याने वेडी झाली असतील. मंडळी, हे उत्तर आम्हांला तरी ओळखीचे वाटते.

गवगवा झाला म्हणून मे १९२५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलने परिषद भरवली. कामगारांच्या आरोग्याच्या थोर अभ्यासक डॉ. ॲलिस हॅमिल्टन तेथे विरोधात बोलल्या. वर्कर्स हेल्थ ब्युरो या संस्थेच्या ग्रेस बर्नहॅम यांनी कामगारांची बाजू मांडली. पुढे समितीने काही मोटारचालक आणि गॅरेजमधील कामगार तपासले आणि १९२६ साली निकाल दिला की, बंदी घालण्यास पुरेसे कारण दिसत नाही. कारखान्यात बंदोबस्त केला म्हणजे झाले! बंदोबस्त झालाही. पण त्यानंतर तेच शिसे मोटारींच्या नळकांड्यांतून गावोगावच्या रस्त्यांवर पसरत राहिले. आतले विष आवरले आणि गेटाबाहेर सोडून दिले. आमच्या आजच्या म्हणण्याचे सार याच एका वाक्यात आहे.

त्याचा परिणाम मातीत उमटला. १९८३ साली हॉवर्ड मिल्के या संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी बाल्टिमोर शहरातील परसबागांची माती तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. शिसे सर्वांत जास्त सापडले ते शहराच्या मध्यभागी. घरांच्या रंगाचे शिसे म्हणावे तर मध्यभागातील पुष्कळ घरे बिनरंगी विटांची होती. पण वाहनांची वर्दळ तेथेच सर्वांत जास्त. उपनगरात मोठ्या बंगल्यांच्या बागांत शिसे कमी आणि मध्यवस्तीत, जेथे गरीब राहतात, तेथे जास्त. मातीसुद्धा माणसांची ऐपत पाहून वाटली जाते असे दिसते.

आपल्याकडे १९९५ पासून चार महानगरांत बिनशिशाचे पेट्रोल मिळू लागले आणि २००० साली देशभर शिशाचे पेट्रोल बंद झाले. जगातील शेवटचा देश अल्जीरिया. तेथे ते २०२१ साली थांबले. म्हणजे बेवेच्या त्या पाच कामगारांनंतर सत्त्याण्णव वर्षांनी. घरगुती रंगांत शिसे दशलक्ष भागांत ९० पेक्षा जास्त नसावे, हा आपला नियम २०१६ साली निघाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. ही चांगली कामे झाली, ती मान्य केली पाहिजेत. परंतु पेट्रोल थांबले म्हणून मातीत पडलेले शिसे उठून गेले नाही, आणि जुन्या भिंतीचा रंग आजही पोपडे होऊन परसात पडतो. शिवाय बॅटरी आहेच. जगातले बहुतेक शिसे आज बॅटऱ्यांतच जाते. मोटारीच्या एका बॅटरीत आठ-दहा किलो शिसे असते, आणि ती थकली की तिचा प्रवास भंगारवाल्याकडून कोठल्या भट्टीकडे होतो, हे पाहणारे डोळे कमी आहेत.

आता भाजीकडे येऊ. या सभेत भगिनी मोठ्या संख्येने आहेत, आणि आम्हांस ठाऊक आहे की व्याख्यानानंतर पहिला प्रश्न हाच येणार : मग पालक खावा की नाही?

सगळे धातू सारखे वागत नाहीत आणि सगळ्या भाज्याही सारख्या वागत नाहीत. शिसे मुळांतून वर चढण्यास नाखूश असते. पालेभाजीवर सापडणारे शिसे पुष्कळदा धुळीने वरून बसलेले किंवा पावसाच्या थेंबांनी मातीसकट उडालेले असते. म्हणून ते धुण्याने बरेच कमी होते. कॅडमियमचे तसे नाही. ते जस्ताचे भावंड आहे. जस्ताच्या वाटेने मुळांतून सरळ पानात शिरते. ते कितीही धुतले तरी जात नाही, कारण ते पानाच्या पेशीत आहे. पालक, माठ, मेथी अशा पालेभाज्यांत धातू जास्त साठतात. मुळा-गाजर अशा कंदांना माती चिकटून येते. टोमॅटो, भेंडी, वांगी, घेवडा अशा फळभाज्यांत त्या मानाने फार कमी. आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने पालेभाजीत किलोमागे शिशाची मर्यादा ०.३ मिलिग्रॅम आणि कॅडमियमची ०.२ मिलिग्रॅम ठरवली आहे. केवढी बारीक ही मोजदाद!

मातीचा स्वभावही पाहावा लागतो. आपल्या देशावरची काळी माती चिकण आणि अल्कधर्मी. ती धातूला आवळून धरते. कोकणातली तांबडी जांभ्याची माती आम्लधर्मी. ती त्या मानाने हात सैल सोडते आणि कॅडमियम झाडाला सहज मिळते. म्हणून आम्लधर्मी मातीत चुना घालावा असे जाणते सांगतात. पण काळ्या मातीवाल्यांनी निर्धास्त होऊ नये, कारण धूळ काळीही असते आणि ती पोटात गेल्यावर आवळून धरीत नाही.

कॅडमियम काय करते हे जपानने जगाला दाखवले. तोयामा प्रांतातून वाहणाऱ्या जिंझू नदीच्या वरच्या अंगाला कामिओका येथे जस्त-शिशाची खाण होती. खाणीचे पाणी नदीत, नदीचे पाणी भातशेतात, भात पोटात. प्रौढ बायकांची हाडे इतकी ठिसूळ झाली की खोकल्यानेही मोडावीत. त्या कण्हत, म्हणून रोगाचे नावच पडले 'इताई-इताई', म्हणजे 'दुखते, दुखते'. गावातील डॉ. हागिनो यांनी १९६१ साली कॅडमियमकडे बोट दाखवले. १९६८ साली सरकारने ते मान्य केले आणि कोर्टातही रोग्यांची सरशी झाली. मग शेतातली माती दुरुस्त करण्याचे काम १९७९ साली सुरू झाले. ते संपले २०१२ साली. मंडळी, तेहतीस वर्षे! आणि हे जपानसारख्या धनवान व शिस्तीच्या देशात. माती बिघडवायला एक करार पुरतो, सुधारायला एक पिढी पुरत नाही.

दुसरे उदाहरण आफ्रिकेतले, आणि ते आम्हांस अधिक झोंबते. सेनेगल देशात डाकार शहराजवळ थियारॉय नावाची वस्ती आहे. तेथील गरीब बायका जुन्या बॅटऱ्यांच्या धंद्यावर पोट भरीत. शिशाचा भाव चढला तसे वस्तीतली मातीच चाळून, पोत्यांत भरून शिसे वेचणे सुरू झाले. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तेथे अठरा मुले दगावली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी तपासले तेव्हा अंगणातल्या मातीत काही ठिकाणी किलोमागे तीन लाख मिलिग्रॅमपर्यंत शिसे सापडले. म्हणजे मातीचा जवळजवळ तिसरा हिस्सा शिसे! त्या आयांना दोष देणारा कोणी असेल तर त्याने आपल्या पायांखालची माती आधी तपासावी. पोराच्या तोंडात घास पडावा म्हणून त्यांनी माती चाळली, आणि त्याच मातीने पोर नेले.

आम्ही हे वाचले तेव्हा त्या वस्तीत आम्हांला आमचीच वस्ती दिसली. आता ती कथा पुरी करतो.

दोन हजारनंतर तो कारखाना बंद पडला. शेड पाडली, यंत्रे भंगारात गेली, कामगारांचा हिशोब झाला. वस्ती मात्र राहिली; घरांवर मजले चढले. प्रत्येक घरामागे चार हात जागा, तिच्यात मोरीच्या पाण्यावर अळू, एखादा शेवगा, पालकाचा वाफा. आम्ही गेलो की एखादी वहिनी हमखास अळूच्या पानांची जुडी हातात देई. आम्ही ती घरी नेली आहे आणि खाल्ली आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका जुन्या सभासदाचा नातू आजारी पडला. तीन वर्षांचे पोर. पोटात कळा, अंगात रक्त नाही, चिडचिड. टॉनिके दिली, उतारा पडेना. पोराला माती खायची सवय होती. एका डॉक्टरीणबाईंनी आजोबांना एकच प्रश्न विचारला : "तुम्ही काम कोठे करीत होता?" आजोबांनी सांगितले. बाईंनी रक्त शिशासाठी तपासायला पाठवले. रक्ताच्या शंभर मिलिलिटरमध्ये पाच मायक्रोग्रॅम शिसे आढळले तरी उगम शोधून तो थांबवा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या पोराचा आकडा त्याच्या कितीतरी पट होता.

म्हातारा आमच्याकडे आला. तो भांडायला आला नव्हता. त्याने फक्त विचारले, "भाऊ, कारखाना बंद होऊन इतकी वर्षं झाली. मग हे आलं कुठून?" आम्हांस उत्तर ठाऊक होते. ते तोंडातून निघायला फार वेळ लागला.

एका महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांच्या पायऱ्या चढलो. त्यांनी आमच्या पिशव्या ठेवून घेतल्या आणि माती तपासून दिली. जेथे जेथे आमच्या करारातली राख पडली होती तेथे तेथे शिसे होते, आणि ते थोडेथोडके नव्हते. मग घरोघर जाऊन सांगण्याची पाळी आली. ज्या गेटसभेत टाळ्या मिळाल्या, तिच्याच श्रोत्यांना आता हे सांगायचे. कोणी ऐकले, कोणी दार लावून घेतले. एक जण म्हणाला, "बोलू नका, घरांचे भाव पडतील." हेही खोटे नव्हते, गरिबाची सारी पुंजी त्या अर्ध्या गुंठ्यात असते. एका वहिनीने मात्र असा प्रश्न विचारला की तो आजही पाठ सोडत नाही. ती म्हणाली, "युनियननं त्या वेळी राख कसली आहे ते का नाही विचारलं?"

का नाही विचारले? कारण आम्ही विष भट्टीपाशी आहे असे समजत होतो. १९४८ च्या कारखाना कायद्यात कळवावयाच्या रोगांची जी यादी होती, तिच्यात पहिलेच नाव शिशाच्या विषबाधेचे होते. आम्हांस ती यादी तोंडपाठ होती. पण आम्ही त्यावर मागितले काय? रोजचा गूळ आणि पावशेर दूध! अनेक कारखान्यांत ही मागणी युनियननेच केली आहे. दुधाने अंगाला पोषण होते, त्यात वाद नाही. पण धुराच्या जागी धूर आणि हातावर पेला, हे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मागायचे होते ते धूर खेचणारे पंखे, भट्टीवर झाकण, सुटीच्या वेळी गरम पाण्याची अंघोळ, कपड्यांना दोन वेगळे कप्पे आणि कामाचे कपडे कारखान्यातच धुण्याची सोय. कारण कामगाराच्या कपड्यांवर, केसांत, चपलांत शिसे बसून घरी जाते; बायको ते कपडे झटकते, पोर येऊन पायांना मिठी मारते. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशातले दहाएक टक्के अंगात मुरते. लहान मुलाच्या पोटातले निम्म्यापर्यंत मुरते, आणि मूल उपाशी किंवा लोह-चुन्याला कमी पडलेले असेल तर आणखी. मुलाची बुद्धी मंदावते आणि गेलेली परत येत नाही. २०२० साली युनिसेफने सांगितले की, जगातील प्रत्येक तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिसे पाच मायक्रोग्रॅमच्या वर आहे. पगारवाढीसाठी आम्ही लढलो ती या मुलांच्या शाळेसाठीच ना? एका हाताने फी मिळवून दिली आणि दुसऱ्या हाताने पोराची समज काढून घेतली, असे तर झाले नाही?

असो. रडत बसणे हा युनियनचा धर्म नव्हे. वस्तीत काय केले आणि आपण काय करावे ते सांगतो.

प्राध्यापकांनी पहिलीच गोष्ट अशी सांगितली की, नुसती भाजी बंद करून भागणार नाही. शिशाच्या बाबतीत मुलाच्या पोटात भाजीपेक्षा हाताला लागलेली माती आणि घरातली धूळ जास्त जाते. म्हणून उघडी माती झाकली पाहिजे. ज्यांनी ऐकले त्यांनी परसात फरशी घातली, कोठे बाहेरून आणलेली चांगली माती वीतभर पसरून हरळी लावली. भाजीची हौस असेल त्यांनी जुन्या टाक्यांत, पिंपांत किंवा विटांचा फूट-दीड फूट उंच वाफा करून, तळाशी जाड कापड घालून नव्या मातीत भाजी लावावी; त्यातही फळभाजी बरी. शेणखत-कंपोस्ट भरपूर घालावे, त्याने शिसे बांधले जाते. पालेभाजीची बाहेरची पाने टाकावी, तीन पाण्यांनी धुवावी, कंद सोलून घ्यावे. केरसुणीने धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावे. चपला दाराबाहेर काढाव्या, ही आपल्या आजीची शिस्त शास्त्राला पूर्ण धरून आहे. मुलांचे हात जेवणाआधी धुवावे. त्या पोराचे म्हणाल तर रक्तातला आकडा हळूहळू उतरला. शाळेत जाते. अक्षर ओळखायला इतरांपेक्षा वेळ घेते. ते शिशाने की आणखी कशाने, हे कोणी खात्रीने सांगू शकत नाही, आणि आम्हांस ते विचारण्याचे धाडस होत नाही.

कोणी सुचवतात की, मोहरी लावा, ती धातू शोषून घेते. मोहरीच्या या गुणावर पुष्कळ संशोधन झाले आहे हे खरे. पण शिसे तिच्या मुळांत सहज चढत नाही. चढावे म्हणून मातीत रसायन घालावे तर तेच शिसे विहिरीच्या पाण्याकडे जाण्याचा धोका. आणि जी मोहरी धातू शोषील ती खायची नाही, गुरांना घालायची नाही, जाळायचीही नाही. तेव्हा हा उपाय परसातल्या माणसाच्या एकट्याच्या हाताचा नव्हे.

येथेच सरकारचे काम सुरू होते. २०१५ पासून शेतकऱ्यांना मृदा आरोग्य पत्रिका मिळते. तिच्यात बारा गोष्टींची तपासणी असते. जस्त आणि तांबेही असते, पण ते पिकाला कमी पडते का एवढे पाहण्यासाठी. शिसे नाही, कॅडमियम नाही. शहरातल्या परसाला तर पत्रिकाच नाही. आमची पहिली मागणी अशी की, प्रत्येक नगरपालिकेने शाळांची मैदाने, अंगणवाड्या, बागा आणि बंद कारखान्यांच्या जागा यांची माती तपासून आकडे फळ्यावर लावावे. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम काढले आहेत. संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने वेळोवेळी पुढे पाठवायची, राज्याच्या मंडळाने ती तपासायची आणि बिघडवणाऱ्याकडून खर्च घ्यायचा, अशी त्यांची दिशा आहे. नियम कागदावर आहे. त्याला हात-पाय आपण द्यायचे. आमच्या वस्तीचा अर्ज आम्ही दिला आहे, आणि त्यात भराव कोणत्या कलमान्वये आला तेही लिहिले आहे. वकिलांनी ते वाक्य गाळा म्हटले. आम्ही गाळले नाही.

दुसरी मागणी आमच्याच भावांकडे आहे. बॅटरी, रंग, मुलामा, भट्टी या धंद्यांतील प्रत्येक युनियनने करारात एक कलम घालावे : गेटाबाहेर जाणारा प्रत्येक ट्रक काय घेऊन कोठे जातो हे कामगारांना कळले पाहिजे. बॅटऱ्यांच्या भंगाराला २००१ पासून नियम आहेत, २०२२ साली नवे आले. पण नियम कोठे मोडतो हे इन्स्पेक्टरच्या आधी ट्रक भरणाऱ्याला दिसते. नोकरी जाईल ही भीती आम्ही जाणतो. बंद भट्टीने चूल विझते हेही जाणतो. म्हणून आम्ही 'भट्टी बंद करा' म्हणत नाही. ती झाकून, धूर गाळून, राख मोजून चालवा म्हणतो. तशी चालवणे शक्य आहे, त्याला फक्त खर्च येतो. आजवर तो खर्च मालकाने वाचवला आणि पोरांनी भरला.

आणि आणखी एक. मुंबईच्या लोकलने जाणाऱ्यांनी रुळांकडेचे पालक-माठाचे वाफे वर्षानुवर्षे पाहिले आहेत. रेल्वेनेच आपल्या लहान नोकरांना 'अधिक धान्य पिकवा' योजनेखाली त्या पट्ट्या दिल्या होत्या. नाल्याचे पाणी पाहून आपण नाक मुरडतो आणि पिकवणाऱ्याला शिव्या देतो. पण नाल्यात धातू सोडणारा तो नव्हे. जमिनीचा सर्वांत वाईट तुकडा नेहमी गरिबाच्या वाट्याला येतो, आणि त्यात जे उगवते त्याचा दोषही त्याच्याच माथी मारतात. भाजी तपासा, जरूर तपासा. पण तपासणी वाफ्यापाशी थांबू देऊ नका. नाल्याच्या उगमापर्यंत चाला.

मंडळी, जुनी माणसे म्हणत, पेरावे तसे उगवते. आम्ही त्या वस्तीत राख पेरली. न कळत पेरली हे खरे. पण न विचारता पेरली हेही तितकेच खरे. आज येथून गेल्यावर आपण एवढेच करावे. आपल्या परसात, सोसायटीच्या बागेत, मुलांच्या मैदानात जो भराव आहे तो कोठून आला, कोणी आणला, आणि त्याआधी तेथे काय होते, हे एखाद्या म्हाताऱ्याला विचारावे. फुकट मिळालेला भराव असेल तर दोनदा विचारावे. तो प्रश्न आम्ही १९९७ साली विचारला नाही. तो आपण विचारलात, तर आमचे आजचे येणे कारणी लागले असे आम्ही समजू.